लुत्रोला जायचंय? क्रीटच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या शांत गावाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ग्रीस म्हटलं की आपल्याकडे सँटोरिनी आणि मिकोनॉस या दोन नावांवर गाडी थांबते. गर्दीचा कंटाळा आला असेल, आठवडाभर समुद्रकाठी स्वस्थ बसायची आणि थोडं चालायची हौस असेल, तर क्रीट बेटाच्या दक्षिण किनाऱ्यावरचं लुत्रो बघा. गाव स्फाकिया भागात येतं. मागे उभा कोरडा डोंगर, पुढे लिबियन समुद्र आणि मधल्या अर्धगोल खाडीच्या कडेने निळ्या खिडक्यांच्या पांढऱ्या घरांची ओळ, एवढाच त्याचा पसारा. तिथे जाऊ इच्छिणारे मित्र आणि नातेवाईक जे प्रश्न पुन्हापुन्हा विचारतात, त्यांची उत्तरं खाली एकत्र दिली आहेत.

गावाला रस्ताच नाही, हे खरं का?

अगदी खरं. लुत्रोला गाडी जात नाही. एक तर बोटीने जायचं, नाहीतर पायवाटेने. सगळ्यात जवळचं बंदर होरा स्फाकियोन. तिथून बोटीला साधारण २० मिनिटं लागतात. गावात दुचाकीसुद्धा नाही. दूध, भाजी, गाद्या, सिमेंट, सगळं बोटीनेच येतं. धक्क्याला लागून बोटीचा पुढचा फळा खाली येतो, माणसं आणि सामान उतरतं, चढणारे चढतात आणि काही मिनिटांत बोट निघूनही जाते. मग पुन्हा पाण्याचा आवाज आणि डोंगरावरच्या शेळ्यांच्या गळ्यातल्या घंटा.

या सहलीचं वेळापत्रक बोट ठरवते, तुम्ही नाही. ही एक गोष्ट मनापासून मान्य केली तर लुत्रो फार सुख देतं. खालची निम्मी उत्तरं याच एका गोष्टीतून आलेली आहेत.

मुंबई-पुण्याहून तिथे पोहोचायचं कसं?

आधी अथेन्स गाठायचं. आखाती देशांतून किंवा इस्तंबूलवरून एक थांबा घेऊन जाणारी विमानं सोयीची पडतात. अथेन्सहून क्रीटच्या हानिया शहराला (तिकिटाच्या साइटवर ‘चानिया’ असं दिसेल) तासाभरापेक्षा कमी वेळात विमान पोहोचतं. घाई नसेल तर पिरेअस बंदरातून रात्रीची मोठी बोट घ्या. संध्याकाळी चढायचं, केबिनमध्ये झोपायचं आणि पहाटे हानियाजवळच्या सुदा बंदरात उतरायचं. एका रात्रीच्या हॉटेलचे पैसे वाचतात आणि बॅगांच्या वजनाची फारशी कटकटही नसते.

हानियाहून होरा स्फाकियोनला ‘केतेल’ या सार्वजनिक बससेवेची बस जाते. साधारण पावणेदोन-दोन तास. शेवटच्या टप्प्यात रस्ता डोंगर उतरताना एकामागोमाग एक वळणं घेतो. घाटात पोटात ढवळत असेल तर गोळी आधीच घ्या आणि पुढची जागा पकडा. बस बहुधा बोटीच्या वेळा धरून असते, पण ‘बहुधा’वर विसंबू नका. किनाऱ्यावरच्या बोटी अनेंदिक ही कंपनी चालवते. तिचं वेळापत्रक महिन्यागणिक बदलतं. निघायच्या आठवड्यात ते पुन्हा एकदा पाहा.

भाड्याची गाडी घेतली तर ती होरा स्फाकियोनच्या पार्किंगमध्येच राहणार, म्हणजे न वापरता रोजचं भाडं भरायचं. मुक्काम फक्त लुत्रोत असेल तर बस बरी. गाडी घ्यायचीच असेल तर आरटीओकडून आंतरराष्ट्रीय वाहन परवाना काढून न्या. तिथे वाहनं उजव्या बाजूने चालतात.

किती दिवस राहावं?

किमान चार रात्री. एका दिवसात ‘करून येण्यासारखं’ गाव हे नाही. सकाळच्या बोटीने आलेले पाहुणे दुपारी फोटो काढतात, जेवतात आणि संध्याकाळच्या बोटीने परततात. लुत्रोची खरी वेळ त्यांच्या जाण्यानंतर सुरू होते. दहा दिवसांत अथेन्स, सँटोरिनी, क्रीट आणि त्यातच लुत्रो असा बेत असेल तर लुत्रो वगळा, असंच मी सांगेन. त्यात ना तुमचा जीव रमेल, ना गाव कळेल.

कोणता महिना चांगला?

आपल्या शाळांची मे महिन्याची सुट्टी इथे अगदी बरोबर बसते. मेमध्ये डोंगरावर अजून हिरवळ आणि फुलं असतात, चालायला हवा छान असते आणि खोल्या त्या मानाने स्वस्त मिळतात. पाणी मात्र गार. मेमध्ये ते १९-२० अंशांच्या आसपास असतं, आणि कोकणच्या कोमट समुद्राची सवय असलेल्याला पहिल्या उडीत धाप लागते. पोहणं हाच मुख्य हेतू असेल तर सप्टेंबर निवडा. उन्हाळाभर तापलेलं पाणी तेव्हा २५ अंशांच्या घरात असतं आणि गर्दी ओसरलेली असते.

आपल्याकडे पावसाळा असतो ते जून ते सप्टेंबर महिने तिथे कोरडे ठणठणीत. जुलै-ऑगस्टमध्ये मात्र ऊन भाजून काढतं. १५ ऑगस्टला ग्रीसमध्ये मेरीमातेचा मोठा सण असतो. त्याच्या मागेपुढे सगळा देश किनाऱ्यावर उतरतो. त्या दिवसांत आयत्या वेळी खोली मिळेल या भरवशावर जाऊ नका.

दिवाळीच्या सुट्टीत जाता येईल का, हे हमखास विचारलं जातं. दिवाळी ऑक्टोबरमध्ये आली तर थोडी आशा आहे. नोव्हेंबरमध्ये नको. ऑक्टोबर संपता संपता हंगाम आवरतो, बोटी कमी होतात आणि खाणावळी व खोल्या एकेक करून बंद होतात.

व्हिसाचं काय?

ग्रीस शेंगेन देशांत येतो, त्यामुळे नेहमीचा शेंगेन व्हिसा. मोठ्यांसाठी शुल्क ९० युरो, ६ ते १२ वर्षांच्या मुलांसाठी ४५ युरो. केंद्राचं सेवाशुल्क वेगळं. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. किमान ३०,००० युरोंचं संरक्षण देणारा प्रवास विमा लागतो. मे-जूनच्या प्रवासासाठी अर्जाची वेळ फेब्रुवारीतच धरा, कारण उन्हाळ्याच्या तोंडावर तारखा मिळायची मारामार होते. १२ ऑक्टोबर २०२५ पासून शेंगेनच्या सीमेवर बोटांचे ठसे आणि फोटो घेऊन नोंद करायची नवी पद्धत सुरू झाली आहे. म्हणून शेंगेनमध्ये पहिल्यांदा उतरता तिथे पुढच्या विमानासाठी हाताशी भरपूर वेळ ठेवा.

खोली निवडताना काय पाहावं?

पाण्यालगतची पुढची ओळ की मागची चढावरची, हा मुख्य प्रश्न. पुढच्या खोल्यांतून समुद्र दिसतो, पायऱ्या कमी चढाव्या लागतात, पण खाली खाणावळ असते आणि रात्री अकरापर्यंत भांड्यांचा, गप्पांचा आवाज येतो. मागच्या खोल्या शांत आणि नजारा जास्त मोठा, पण दिवसातून कितीतरी वेळा पायऱ्या. गुडघे कुरकुरत असतील तर बुकिंग करताना ‘धक्क्यापासून किती पायऱ्या आहेत’ असं सरळ लिहून विचारा. मालक मंडळी मोकळेपणाने उत्तर देतात.

चाकांची मोठी बॅग नेऊ नका. ती धक्क्यावरून आणि पायऱ्यांवरून वाहून न्यायला रिक्षा नाही, हमाल नाही. पाठीवरची पिशवी बरी. फार सामान असेल तर हानियाच्या हॉटेलात ठेवून जाता येतं का विचारा. खोलीच्या भाड्यावर दर रात्रीचा सरकारी कर बऱ्याचदा जागेवर वेगळा घेतात. त्याची तयारी ठेवा.

आम्ही शाकाहारी आहोत. उपाशी राहावं लागेल का?

मुळीच नाही. क्रीटचं घरगुती जेवण भाज्या, कडधान्यं आणि ऑलिव्ह तेल यांवर उभं आहे. ‘लादेरा’ हा शब्द लक्षात ठेवा. तेलात सावकाश शिजवलेल्या भाज्यांना हे नाव आहे. टोमॅटोतल्या फरसबीला ‘फासोलाक्या’, मोठ्या पांढऱ्या घेवड्याला ‘यिगांदेस’, वांगी-बटाटे-दुधीसारख्या भाज्यांच्या भाजलेल्या मिश्रणाला ‘ब्रियाम’ म्हणतात. ‘होर्ता’ म्हणजे उकडलेला रानपाला, वरून लिंबू आणि तेल. ‘फावा’ ही पिवळ्या डाळीची घोटलेली आमटी, कच्चा कांदा घालून. ‘दाकोस’मध्ये जवाच्या कडक टोस्टवर किसलेला टोमॅटो आणि मऊ चीज असतं, टोस्टमध्ये रस मुरेपर्यंत थांबा आणि मगच खा.

भरलेल्या टोमॅटो-मिरच्या म्हणजे ‘येमिस्ता’, आणि द्राक्षाच्या पानांचे ‘दोल्मादेस’. हे दोन्ही बहुधा भाताचे असतात, पण कधी खिमाही घालतात. तेवढं विचारून घ्या. ‘होरिस क्रेआस’ म्हणजे मांसाशिवाय, ‘होरिस प्सारी’ म्हणजे मासळीशिवाय.

ऑर्थोडॉक्स चर्चच्या उपासाचं जेवण ‘निस्तीसिमो’ म्हणून मागता येतं. त्यात मांस, अंडी, दूध काहीच नसतं. मात्र कोळंबी, माकुल, ऑक्टोपस या उपासाला चालतात, हे ध्यानात असू द्या. जैन मंडळींना अवघड जाईल. कांदा-लसूण जवळपास सगळ्यात असतो आणि भाजी सकाळीच शिजलेली असते. ‘होरिस क्रेमिदी, होरिस स्कोर्दो’ असं सांगून सॅलड, उकडलेला पाला, तळलेले बटाटे आणि फळं यांवर भागवावं लागेल. चीजबाबत काटेकोर असाल तर हेही सांगायला हवं, की फेटासारखी पारंपरिक चीज बऱ्याचदा प्राण्यांच्या जठरातल्या विरजणाने बनतात.

आणि स्फाकियाची पोळी, ‘स्फाकियानी पिता’, खाल्ल्याशिवाय परतू नका. आपण पुरण भरतो तसा मिझिथ्रा चीजचा गोळा मऊ कणकेच्या पारीत भरतात, हाताने आणि लाटण्याने बशीएवढा पातळ करतात आणि तव्यावर दोन्ही बाजूंनी भाजतात. पृष्ठभागावर तपकिरी ठिपके उठले की ताटलीत घेऊन वरून थायमचा मध सोडतात. मध कडेपर्यंत ओघळतो न ओघळतो तोच खायची. गार झाली की चीज आळतं आणि मजा निम्मी होते. म्हणून जेवणाबरोबर मागवू नका, जेवण संपल्यावर मागवा.

घरून काय खाऊ नेता येईल?

चिवडा, भाकरवडी, कोरडी चटणी, मेतकूट, चहा-मसाला यांना अडचण येत नाही. पण युरोपीय संघाबाहेरून प्रवाशांनी मांस आणि दुधाचे पदार्थ आणायला बंदी आहे. म्हणजे पेढे, बर्फी, तूप, पनीर घरीच ठेवा. ताज्या फळांचंही तसंच. केळी, नारळ, अननस, खजूर आणि ड्युरियन एवढीच फळं प्रमाणपत्राशिवाय चालतात. मेमध्ये कुणाकडे हापूसची पेटी भेट न्यायचा मोह होईल. आंबा या यादीत नाही. कढीपत्त्याची जुडीही नको.

समुद्र सुरक्षित आहे का? पोहायला येत नाही त्यांचं काय?

खाडीतलं पाणी बहुतेक दिवस संथ आणि इतकं स्वच्छ असतं की तळाचे गोटे मोजता येतात. भूमध्य समुद्राला भरती-ओहोटी जवळजवळ नाहीच. मुंबईच्या किनाऱ्यावर पाणी काही दिवस चार मीटरहून जास्त वरखाली होतं; इथे सकाळी जिथे चप्पल ठेवली तिथेच ती संध्याकाळी कोरडी सापडते. मात्र वाळूची लांब पुळण नाही. गोटे आहेत आणि तळ लवकर खोल जातो. पोहता येत नसेल तर कमरेएवढ्या पाण्यापुढे जाऊ नका, आणि मुलांना फुगवलेल्या तराफ्यावर एकटं सोडू नका. उत्तरेचा वारा तराफा भराभर बाहेर ओढतो.

रबरी तळाचे पाण्यातले बूट घ्याच. खडकांवर समुद्री साळू असतात, त्यांचे काटे पायात मोडले की काढताना डोळ्यात पाणी येतं.

दिवसभर तिथे करायचं काय?

काहीच न करणं हा पहिला पर्याय, आणि तो मी मनापासून सुचवते. पुस्तक, पोहणं, दुपारची झोप. पण पाय शिवशिवत असतील तर भोवतीच्या वाटा फार सुंदर आहेत.

पूर्वेला होरा स्फाकियोनकडे जाणाऱ्या ई-४ या लांब पल्ल्याच्या पायवाटेवर ग्लिका नेरा नावाचा किनारा लागतो. लुत्रोहून तास-सव्वा तास चाल. इथे डोंगरातलं गोडं पाणी गोट्यांखालून थेट समुद्राच्या काठी झिरपतं. हाताने कोपरभर खड्डा करा, तळाला थंडगार पाणी साठायला लागतं. चव घ्या, मीठ नाही. समुद्रात उतरलात तरी कोमट पाण्यातून मधेच बर्फासारखी गार पट्टी अंगाला लागते. ते हेच झऱ्याचं पाणी. किनाऱ्यापलीकडे वाट एका कड्याला बिलगून जाते. उंचीची भीती असेल तर तिथूनच मागे फिरा, किंवा छोटी बोट पकडा.

पश्चिमेला टेकाड ओलांडलं की फिनिकास, मग लिकोस आणि पुढे संगमरवरी खडकांचा मार्मारा. टेकाडावर जुन्या किल्ल्यांचे अवशेष आहेत. हेच प्राचीन फिनिक्स बंदर. बायबलमधल्या प्रेषितांच्या कृत्यांत संत पौलाचं जहाज हिवाळ्यासाठी इथे यायला निघालं होतं, पण वाटेत वादळाने ते पळवलं आणि अखेर माल्टाजवळ फुटलं. वाऱ्यापुढे इथे कुणाचं चालत नाही, ही गोष्ट तेव्हापासूनची.

दमदार मंडळींनी मागचा डोंगर चढून अनोपोलीला जावं. सुमारे ६०० मीटरची खडी चढण, नागमोडी वाट, झाडाची सावली नाही. १७७० मध्ये ऑटोमन सत्तेविरुद्ध उठाव करणारा दास्कालोयान्निस या गावचा. पुढच्या वर्षी त्याला क्रीटच्याच इराक्लियो शहरात जिवंत सोलून मारण्यात आलं. स्फाकियाचे लोक आजही त्याचं नाव घरच्या माणसासारखं घेतात. अनोपोलीहून ओसाड पडलेल्या अराडेना गावापर्यंत चालत जाऊन अराडेनाची घळ उतरत मार्माराला येता येतं. मोठाल्या दगडांवरून उतरावं लागतं, म्हणून एकट्याने नको. पहाटे सहाला निघा आणि माणशी निदान दोन-तीन लिटर पाणी घ्या. दहानंतर चढ चढायला घेणारे लोक दर उन्हाळ्यात त्रासात सापडतात.

समारियाची घळ लुत्रोहून करता येते का?

येते, आणि सोप्या पद्धतीने. अख्खी घळ वरच्या ओमालोस पठारापासून समुद्रापर्यंत सुमारे १६ किलोमीटर आहे. गुडघे खणखणीत हवेत. नको असेल तर सकाळच्या बोटीने घळीच्या खालच्या तोंडाशी असलेल्या अयिया रूमेली गावाला जा आणि खालून वर चालायला लागा. तास-दीड तासात ‘पोर्तेस’ येतात. तिथे दोन्ही कडे अगदी जवळ येतात, मधे चारेक मीटरच अंतर उरतं आणि वर दगडी भिंती सुमारे ३०० मीटर जातात. घळीतली सगळ्यात थरारक जागा बघून दुपारी परत पोहायला. घळ साधारण मे ते ऑक्टोबर उघडी असते. पाऊस किंवा उष्णतेचा इशारा असेल तर बंद ठेवतात. संध्याकाळच्या बोटीला घळ उतरून आलेल्यांची झुंबड असते, तिकीट आधीच काढा.

आई-बाबांना किंवा लहान मुलांना न्यावं का?

आई-बाबा रोज थोडं चालणारे असतील तर जरूर. पुढच्या ओळीतली खोली, सावलीतली खुर्ची आणि समोर पाणी, यात ते रमतात. हृदयाचा त्रास, डायलिसिस, नुकतंच ऑपरेशन असं काही असेल तर नेऊ नका. गावात रुग्णालय नाही. मोठं रुग्णालय हानियात, म्हणजे बोट आणि वर घाट. नेहमीची औषधं पूर्ण मुक्कामाची आणि वर चार दिवसांची न्या, डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट. आणीबाणीचा क्रमांक ११२.

मुलं पाच वर्षांची किंवा मोठी असतील तर उत्तम. कायाक भाड्याने मिळतात, मांजरी असंख्य.

पैसे, मोबाइल, प्लग?

कार्ड बहुतेक ठिकाणी चालतं, पण रोकड हानियातूनच काढून न्या. प्लग युरोपातला दोन गोल पिनांचा. मोबाइलची रेंज गावात येते, घळीत जाते. नकाशा आधीच उतरवून घ्या. वेळ उन्हाळ्यात आपल्यापेक्षा अडीच तास मागे.

गावात वागताना काय सांभाळावं?

ग्रीसमध्ये उन्हाळ्यात दुपारी ३ ते ५:३० आणि रात्री ११ ते सकाळी ७ हे शांततेचे तास कायद्यानेच ठरलेले आहेत. पहाटेपासून राबणारी माणसं दुपारी झोपतात. त्या वेळात गच्चीवर स्पीकर, धक्क्यावर आरडाओरडा, मोठ्याने व्हिडिओ कॉल नको. घरच्यांना फोन करायचाच असेल तर खोलीचं दार लावून करा. खाडी अर्धगोल आहे, एका टोकाचं बोलणं दुसऱ्या टोकाला ऐकू जातं.

स्वच्छतागृहात कागद भांड्यात न टाकता शेजारच्या डब्यात टाकायचा. तिथले सांडपाण्याचे नळ अरुंद असतात. पाणी जपून वापरा. ओल्या पोहण्याच्या कपड्यांनी खाणावळीत बसू नका, चर्चमध्ये खांदे झाकून जा. जेवणानंतर मालक फळांबरोबर ‘राकी’ची छोटी बाटली आणून ठेवतो. तो पाहुणचार आहे, बिलात लावत नाहीत. पीत नसाल तर छातीवर हात ठेवून हसून ‘एफहारिस्तो’ म्हणा, कुणी आग्रह करत नाही. भेटल्यावर आधी ‘कालिमेरा’, मग कामाचं बोलणं. एवढ्याने माणसं खुलतात.

वाऱ्यामुळे बोट बंद पडली तर?

पडते. वारा ठरावीक जोराच्या वर गेला की बंदर खातं बोटींना निघायची मनाई करतं, मग कुणाचीही विनवणी कामाला येत नाही. म्हणून परतीच्या विमानाच्या आदली रात्र लुत्रोत काढायची नाही, हानियातच काढायची. बोट नाही आणि निघणं अगदीच भाग असेल, तर अंगात ताकद असलेल्यांना होरा स्फाकियोनपर्यंत दोन-अडीच तासांची पायवाट आहे, पण जोराच्या वाऱ्यात कड्यावरचा टप्पा धोक्याचा. शक्य तोवर थांबा. खोलीचा मालक सकाळीच बंदरात फोन करून खबर काढतो, त्याला विचारा.

येताना काय आणावं?

थायमचा मध आणि ऑलिव्ह तेल. दोन्ही हानियाच्या बाजारात घ्या, म्हणजे बोटीतून ओझं वाहायला नको. बाटल्या चेक-इनच्या बॅगेत कपड्यांत गुंडाळून ठेवा. हातातल्या पिशवीत १०० मिलिलिटरच्या वरचा मधही तपासणीत काढून घेतात.